रांग टाळायचा पास घ्यावा का? बेळगाव, निपाणी, खानापूरकडून थीम पार्कला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं: शनिवार-रविवार, मे महिना किंवा जोडून आलेल्या सुट्ट्या असतील आणि इतक्या लांबून जाऊन एकच दिवस हातात असेल, तर पास घ्या. शाळा चालू असताना मधल्या वारी जाणार असाल तर घेऊ नका. असा मधला वार साधणं सीमाभागातल्या घराला पुणेकर-मुंबईकरांपेक्षा किंवा बंगळूरकरांपेक्षा सोपं आहे. आपल्या मुलांच्या सुट्ट्या एका राज्याच्या आणि पार्क दुसऱ्या राज्यात, हा आपला खरा पास. तो कसा वापरायचा ते खाली सविस्तर दिलं आहे.

पास घेतला म्हणजे नेमकं काय मिळतं?

मोठ्या राइडला दोन वाटा असतात. एक लोखंडी कठड्यांमधून नागमोडी फिरत जाणारी साधी रांग, दुसरी जवळजवळ थेट फलाटापाशी नेणारी आखूड वाट. पास असलेल्याला या दुसऱ्या वाटेने सोडतात. खोपोलीजवळच्या इमॅजिकात त्याला एक्स्प्रेस म्हणतात, बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळच्या वंडरलात फास्टट्रॅक. तिरुमलाला ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन घेतलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको: रांग संपत नाही, आखूड होते.

बुकिंग करताना एक गोष्ट दोनदा वाचा. दाखवलेल्या किमतीत पार्कचा प्रवेश धरलेला आहे, की प्रवेशाचं तिकीट वेगळं काढून वर हे पैसे भरायचे आहेत? दोन्ही पद्धती चालतात. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये एक्स्प्रेस पास हा प्रवेशावर वेगळा घ्यावा लागतो. नुसता पास हातात घेऊन फाटकावर अडकलेली कुटुंबं याच चुकीमुळे अडकतात.

एकदा पास घेतला की सगळ्या राइडवर कितीही वेळा बसता येतं का?

सहसा नाही. बहुतेक पास प्रत्येक राइडला एकदाच चालतात. दुसऱ्यांदा बसायचं तर साध्या रांगेत. अमर्याद पास असेल तर तो वेगळ्या नावाने, बराच महाग विकला जातो. शिवाय प्रत्येक पार्क आपल्या पासाला चालणाऱ्या राइडची यादी देतो आणि त्या यादीबाहेर काही राइड असतातच. तुमच्या पोरांना ज्या तीन राइडसाठी जायचं आहे त्या यादीत आहेत का, एवढं पैसे भरायच्या आधी पाहा. नसतील तर विषय संपला.

पास असूनही थांबावं लागतं का? आणि साध्या रांगेवर त्याचा काय परिणाम होतो?

लागतं, आणि ते कसं घडतं हे कळलं की पास घ्यायचा की नाही हेही बरंचसं कळतं.

दोन्ही वाटा फलाटाच्या थोड्या अलीकडे एकत्र येतात. तिथे एक मुलगा किंवा मुलगी साखळी हातात धरून उभी असते. गाडी रिकामी झाली की आधी पासाच्या बाजूची ठरावीक माणसं सोडायची, साखळी लावायची, मग उरलेल्या जागा साध्या रांगेतून भरायच्या. सगळी गंमत त्या एका साखळीवर आहे.

आता हिशोब. समजा गाडीत २८ जण बसतात आणि दर ४ मिनिटांनी एक फेरी सुटते. म्हणजे तासाला १५ फेऱ्या, ४२० माणसं. तुमच्या पुढे साध्या रांगेत २८० माणसं असतील आणि पास कुणाकडेच नसेल, तर तुमची पाळी ४० मिनिटांत येते. पण दर फेरीला १० जागा पासवाल्यांना गेल्या तर साध्या रांगेला १८ उरतात, तासाला २७०. तीच २८० माणसं संपायला आता ६२ मिनिटं लागतात. त्याच वेळी पासाच्या वाटेत तुमच्या पुढे ३० जण असले तर ते ३ फेऱ्यांत जातात, म्हणजे १२ मिनिटं.

त्यामुळे गर्दीच्या दिवशी पासवाल्यालाही दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, आणि साधी रांग दिसते त्याच्या दीडपट वेळ खाते. रांग छोटी दिसली म्हणून आत शिरायचं आणि मग हलेचना, यामागचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

हा हिशोब तुम्हीही जागेवर करू शकता. राइडच्या बाहेर उभं राहून घड्याळावर दोन सुटण्यांमधलं अंतर पाहा, गाडीतली आसनं मोजा, कठड्याच्या एका वळणात किती माणसं उभी आहेत ते मोजून वळणांनी गुणा. पाच मिनिटांचं काम आहे. बाहेरच्या पाटीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा हा आकडा जास्त खरा निघतो.

पैसे वसूल कधी होतात?

पासाची किंमत एकटी पाहून हे ठरत नाही. सगळ्या सहलीचा खर्च घ्या आणि किती राइड पदरात पडतात त्याने भागा.

बेळगावहून चौघांचं कुटुंब गाडीने इमॅजिकाला जातंय असं धरू. जाऊन-येऊन साधारण ८४० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी असेल तर ५६ लिटर पेट्रोल. लिटरला १०३ रुपये धरले तर सुमारे ५,७७० रुपये. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर आणि पुढे एक्स्प्रेसवे, असे दोन्ही वेळचे टोल मिळून २,००० धरू. एक रात्र मुक्काम ३,०००, खाणं-पिणं २,०००, साधी तिकिटं माणशी १,५०० म्हणजे ६,०००. बेरीज १८,७७० च्या आसपास. पासासाठी माणशी आणखी १,५०० म्हणजे वर ६,००० रुपये. तिकिटाचे आणि पासाचे आकडे फक्त हिशोबासाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष दर तारखेनुसार बदलतात. तुमच्या तारखेचे घालून पुन्हा करा.

गर्दीच्या रविवारी पासाशिवाय ७ राइड झाल्या तर एक राइड चौघांना मिळून सुमारे २,६८० रुपयांना पडली. पासासह १३ झाल्या तर १,९०५ ला. पास वसूल.

शांत बुधवारी पासाशिवायच १३ झाल्या तर राइड पडली १,४४५ ला. पास घेऊन १५ झाल्या तरी १,६५० ला. इथे पासाचे पैसे वाया गेले.

तिसरी गोष्टही याच आकड्यांत दिसते: पास घेतलेल्या रविवारपेक्षा पास न घेतलेला बुधवार स्वस्त पडतो. पुण्याच्या माणसाला रविवार फसला तर तो पुन्हा महिन्याभराने जाईल. आपल्याला तो आठ तासांचा रस्ता पुन्हा तुडवायचा असतो, म्हणून गर्दीचाच दिवस नशिबी असेल तर आपल्यासाठी पासाची किंमत त्याच्यापेक्षा जास्त आहे.

मग शांत दिवस कोणता? आमच्या मुलांच्या सुट्टीत तर सगळीकडे गर्दीच असते.

नाही, आणि सीमाभागाचा फायदा इथेच आहे.

कर्नाटकातल्या शाळांना उन्हाळी सुट्टी साधारण १० एप्रिलच्या सुमारास लागते आणि मेअखेर शाळा पुन्हा उघडतात. महाराष्ट्रात एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत परीक्षा चालतात आणि सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत पोचते. दसऱ्याला कर्नाटकात मोठी सुट्टी, महाराष्ट्रात दसऱ्याचा एक दिवस. दिवाळीला उलटं: महाराष्ट्रात लांब सुट्टी, आपल्याकडे मोजके दिवस.

यातून तीन खिडक्या उघडतात.

पहिली, एप्रिलचा मध्य, इमॅजिकासाठी. आपली पोरं मोकळी, पुण्या-मुंबईची परीक्षेत. १४ एप्रिल आणि गुड फ्रायडेच्या आसपासचे दिवस वगळून मंगळवार ते गुरुवारमधला कुठलाही घ्या. ऊन कडक असतं, एवढीच अडचण. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि दुपारी १२ ते ४ सावलीतल्या किंवा वातानुकूलित राइड, असा क्रम ठेवा.

दुसरी, दसऱ्याची सुट्टी, तीही इमॅजिकासाठी. आमच्या मते वर्षातली सगळ्यात चांगली हीच. पाऊस ओसरलेला, घाट हिरवागार, महाराष्ट्रातल्या शाळा चालू. २ ऑक्टोबर आणि खुद्द दसरा हे दोन दिवस टाळा. याच दिवसांत वंडरला मात्र भरून वाहत असतं, कारण सगळ्या कर्नाटकाला सुट्टी असते. दसऱ्याच्या सुट्टीत बिडदीला जायचंच असेल तर फास्टट्रॅकवाचून जाऊ नका.

तिसरी, जूनचा पहिला पंधरवडा, वंडरलासाठी. ही ज्यांची मुलं कोल्हापूर, गडहिंग्लज, कागलकडच्या शाळांत किंवा वसतिगृहात शिकतात त्यांच्यासाठी. कर्नाटकातल्या शाळा उघडलेल्या, महाराष्ट्रातल्या अजून बंद.

सीबीएसई शाळांचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि राज्य सरकारंही वर्षागणिक तारखा थोड्या पुढे-मागे करतात. त्या वर्षाचं दोन्ही राज्यांचं शाळांचं कॅलेंडर शेजारी ठेवून मगच तारीख पक्की करा.

मधला वार निवडला तरी गर्दी लागली, असं का होतं?

शैक्षणिक सहली. नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंत मधल्या वारी दहा-दहा बसगाड्या एका वेळी येऊन लागतात. सहलीची पोरं एकाच लाटेत फिरतात: फाटकातून शिरली की पहिल्या मोठ्या राइडवर, दुपारी एकदम जेवायला, चार-साडेचारनंतर गाड्यांकडे. म्हणून त्या दिवसांत जायचं झालं तर मोठ्या राइड दुपारच्या जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळच्या शेवटच्या दोन तासांत करा. पासाची गरज पडत नाही.

सोमवारही फसवा असतो, विशेषतः जोडसुट्टीला चिकटून आलेला. आणि अगदी निवांत महिन्यांत काही पार्क एखादा वार बंद ठेवतात किंवा एखादी मोठी राइड दुरुस्तीला घेतात. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून दोनच प्रश्न विचारा: उद्या चालू आहे ना, आणि कुठल्या राइड बंद आहेत?

कुठल्या राइडला पासाचा उपयोग होतो आणि कुठल्या नाही?

सूत्र सोपं आहे. एका फेरीत माणसं कमी आणि मागणी जास्त, तिथे पास कामाचा. एका वेळी मोठा जमाव आत घेतात, तिथे पास बिनकामाचा.

इमॅजिकात नायट्रो, डीप स्पेस, गोल्ड रश एक्स्प्रेस यांसारखे रोलर कोस्टर आणि पाण्यात झेपावणारा राजासॉरस यांच्यापुढे रांगा वाढतात. मिस्टर इंडियासारख्या नाट्यगृहाच्या धर्तीवरच्या राइडमध्ये एका खेळाला बरीच माणसं मावतात; रांग लांब दिसली तरी पुढच्या एक-दोन खेळांत ती सगळी आत जाते. तिथे पास दाखवून फार तर एक खेळ वाचतो. वंडरलात रिकॉइलसारख्या उलट-सुलट धावणाऱ्या कोस्टरला किंवा उंचावरून आदळणाऱ्या मनोऱ्याला पास कामी येतो. लाटांच्या तलावाला रांगच नसते, तिथे पासाचा प्रश्नच नाही.

पायाखाली फळी नसलेल्या कोस्टरवर, नायट्रो त्यातलाच, सैल चपला काढून ठेवायला लावतात. पट्ट्याचे सँडल किंवा बूट घातलेले असले तर फलाटावरची धांदल वाचते.

मुलं लहान आहेत. त्यांच्यासाठी पास घ्यावा का?

पैसे भरण्याआधी घरी भिंतीला पाठ लावून, अनवाणी, टेपने उंची मोजा. थरारक राइडना साधारण १३५ ते १४० सेंटीमीटरची अट असते आणि राइडच्या तोंडाशीच मोजपट्टी लावलेली असते. घरात आपण फुटांत बोलतो आणि गल्लत तिथेच होते. साडेचार फूट म्हणजे १३७ सेंटीमीटर. अट १४० ची असेल तर पोरगं ३ सेंटीमीटरने बाहेर. रांगेच्या टोकाशी पोचून परत फिरलेल्या मुलाचा चेहरा बघवत नाही, आणि त्याच्या पासाचे पैसे परत मिळत नाहीत.

मूल या उंचीखाली असेल तर पास ज्या राइडना लागू आहे त्यांतल्या निम्म्याहून जास्त त्याला बंदच असतात. लहान मुलांच्या राइडच्या रांगा तशाही आखूड. त्याला पास नको.

मोठ्यांनाही अटी आहेत: गर्भारपण, हृदयविकार, रक्तदाब, पाठीचं किंवा मानेचं दुखणं. आणि पोटावरून येणारी दांडी ठरावीक खाचेपर्यंत बसली नाही तर उतरवतात. बांधा जाड असेल तर राइडबाहेर नमुन्याची खुर्ची ठेवलेली असल्यास आधी बसून पाहा.

घरातल्या दोघांनीच पास घेतला तर चालेल का?

चालतं, आणि बऱ्याचदा तेच शहाणपणाचं असतं. कॉलेजातली दोघं थरारक राइडवर पासाने, आई-बाबा धाकट्याला घेऊन साध्या राइडवर. फक्त एक पास आणि त्यामागून चौघं, असं होत नाही. साखळीपाशी प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी तपासतात. ती पट्टी एकदा काढली की पुन्हा लावता येऊ नये अशीच बनवलेली असते, त्यामुळे अदलाबदलही नाही.

लहान मूल सोबत असेल तर राइडच्या कर्मचाऱ्याला विचारा: आधी आई बसेल, मग मूल तिच्याकडे देऊन बाबा बसले तर पुन्हा रांग लावावी लागेल का? परदेशातल्या मोठ्या पार्कांत ही सोय नेमानेच असते. आपल्याकडे तो कर्मचाऱ्याच्या हातचा मामला, पण नीट विचारलं तर बरेचदा होतं.

पास न घेता रांग कमी कशी करायची?

फाटक उघडायच्या अर्धा तास आधी हजर. तिकीट ऑनलाइन काढलेलं, क्यूआर कोडचा फोटो फोनमध्ये आणि एका कागदावरही. आत शिरल्यावर समोर जी राइड दिसते तिथे थांबू नका, सगळी गर्दी तिथेच थबकते. पार्कच्या अगदी मागच्या टोकाला जा आणि तिथून पुढे या. पहिल्या ९० मिनिटांत सगळ्यात लांब रांगेच्या तीन राइड उरकायच्या, एवढंच ध्येय. ते जमलं तर पासाचं निम्मं काम फुकटात झालं.

जेवण १२ ला किंवा ३ ला. दीड वाजता जेवायला गेलात तर जेवणाचीही रांग, आणि सगळे जेवत असताना रिकाम्या पडलेल्या राइडही हुकतात. भरपेट जेवून लगेच कोस्टरवर बसू नका. पाऊण तास थिएटरच्या राइडमध्ये घालवा.

मिरवणूक किंवा मोठा कार्यक्रम चालू असताना राइड मोकळ्या पडतात. बंद होण्याच्या १५ मिनिटं आधी रांगेत शिरलेल्यांना बहुतेक ठिकाणी राइड देतात, तेव्हा आवडत्या राइडची दुसरी फेरी शेवटी ठेवा.

वॉटर पार्कला पास घ्यावा का?

नुसत्या वॉटर पार्कला सहसा नको. तलाव, पावसाचा नाच, संथ वाहणारी नदी यांना रांग नाही. घसरगुंड्यांना असते, पण तिथली गोम वेगळी आहे: बऱ्याचदा माणसांची रांग नसून ट्यूबची टंचाई असते. खाली ट्यूब मोकळी होईपर्यंत वर कुणी सुटत नाही, पास असला तरी.

वंडरलात कोरड्या आणि पाण्याच्या राइड एकाच तिकिटात आहेत. तिथे सकाळी कोरड्या उरका, दुपारी पाण्यात उतरा. एकदा भिजलात की कपडे बदलणं, लॉकर, केस पुसणं यात पाऊण तास जातो, म्हणून कोरडं-ओलं-कोरडं असं आलटून पालटून करू नका. पाण्यात नायलॉनचा पोशाख लागतो, सुती कपड्यावर सोडत नाहीत. घरून नेलात तर भाडं वाचतं. पास कागदी किंवा फोनमध्ये असेल तर गळ्यात अडकवायची पाणबंद पिशवी घ्या. भिजून पुसट झालेला कोड यंत्र वाचत नाही, आणि मग ओल्या कपड्यांत तिकीट खिडकीपर्यंत चालत जावं लागतं.

सीमाभागातल्या आणि आसपासच्या छोट्या वॉटर पार्कांना पासाचा विचारच करू नका.

आधीच घ्यावा की तिथे जाऊन गर्दी बघून?

तारीख गर्दीची असेल तर आधी. पासांची संख्या मर्यादित असू शकते आणि दरही मागणीप्रमाणे चढतात. तारीख निवांत असेल तर साधं तिकीट काढून जा आणि सकाळी ११ च्या सुमारास दोन मोठ्या रांगांचा वर सांगितलेला हिशोब करा. दोन्हींत ४५ मिनिटांपेक्षा जास्त येत असेल आणि साध्या तिकिटाचा पास करून मिळत असेल, तर तेव्हा घ्या. दुपारी ३ नंतर घेऊ नका. अर्धा दिवस गेलेला असतो आणि किंमत पूर्ण दिवसाचीच लागते.

पाऊस आला किंवा राइड बंद पडली तर पैसे परत?

सर्वसाधारणपणे नाही, आणि ही अट तिकिटावर बारीक अक्षरांत छापलेली असते. विजा कडाडायला लागल्या की उंच राइड थांबवतात, ते योग्यच आहे. खोपोलीच्या घाटात जून ते सप्टेंबर काय कोसळतो ते आंबोली-जांबोटीच्या पावसात वाढलेल्यांना माहीत आहेच. त्या महिन्यांत गर्दीही कमी असते आणि राइड थांबण्याची शक्यता जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंनी पास तोट्याचा.

तांत्रिक बिघाडाने एखादी राइड बंद पडली तर भांडत बसू नका. पाहुण्यांच्या मदत कक्षाकडे जाऊन त्या बदल्यात दुसऱ्या राइडवर एक जादा फेरी मागा. पैशापेक्षा ते लवकर मिळतं.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर निम्म्या दरात पास मिळतोय. घ्यावा का?

घेऊ नका. एक कोड एकदाच चालतो. तोच फोटो दहा जणांना विकलेला असतो, त्यातला जो पहिला फाटकावर पोचला तो आत, बाकी नऊ बाहेर.

गल्लीच्या मंडळाची किंवा भिशीची ४० जणांची सहल आहे. सगळ्यांना पास काढावा का?

मुळीच नाही. आधी पार्कला फोन करून गटाचा दर विचारा, ठरावीक संख्येच्या वर तो मिळतो. मग यादी करा: थरारक राइडवर खरंच कोण बसणार? ४० पैकी बारा-पंधरा निघतात. फक्त त्यांचे पास काढा, तेही गर्दीची तारीख असली तरच. पाच-सहा जणांच्या टोळ्या पाडा आणि भेटायची जागा व वेळ दोनदा ठरवा, दुपारी एकदा आणि निघताना एकदा. ४० जण एकत्र फिरायला गेले तर पास असूनही दिवस एकमेकांची वाट पाहण्यातच जातो.

परदेशात, सिंगापूर किंवा अमेरिकेत, मुलांकडे गेल्यावर घ्यावा का?

तिथली व्यवस्था वेगळी आहे, जपून वाचा. डिस्नेने १९९९ साली आणलेला फास्टपास फुकट होता. २०२१ मध्ये फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये त्याच्या जागी जीनी प्लस हा विकतचा पास आला, सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलरला. जुलै २०२४ पासून त्याचं नाव लायटनिंग लेन मल्टी पास. यात हवं तेव्हा रांग टाळून आत जाता येत नाही. वेळ राखून ठेवावी लागते आणि त्या वेळेतच जायचं. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना ७ दिवस आधी आणि इतरांना ३ दिवस आधी राखता येतं. सगळ्यात गाजलेल्या राइडचा सिंगल पास वेगळा पडतो. म्हणजे पैसे भरूनही फोनवर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं. ते काम मुलाकडे किंवा सुनेकडे द्या.

युनिव्हर्सलचा एक्स्प्रेस तसा नाही, वेळ राखावी लागत नाही. सिंगापूरला एका फेरीचा (प्रत्येक राइडला एकदाच चालणारा) आणि अमर्याद असे दोन प्रकार असतात. पार्क छोटं असल्याने मधल्या वारी एका फेरीचाही बहुधा लागत नाही. एकट्याने बसायची तयारी असेल तर काही राइडना सुट्या माणसांची वेगळी रांग असते. गाडीत उरलेली एखादी जागा भरायला तिथून माणूस घेतात. फुकट आहे, आणि कॉलेजातल्या पोरांना पासापेक्षा तीच बरी.

पैसे देऊन पुढे जाणं हे रांगेतल्या इतरांवर अन्याय करणं नाही का?

वरचाच हिशोब पाहा: ४० मिनिटांची ६२ झाली. पासवाल्याने वाचवलेला वेळ साध्या रांगेतल्या माणसांच्या खिशातून गेला. हे खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. आमचं मत असं की पास विकणं चूक नाही, पण दिवसाला किती पास विकणार आणि दर फेरीत किती जागा त्यांना देणार, हे पार्कने फाटकावर ठळक लिहायला हवं. साधं तिकीट काढणाऱ्याने त्या दिवसाचे पूर्ण पैसे मोजलेले असतात. तो काय विकत घेतोय ते त्याला कळायला नको का?

पासाच्या वाटेने जाताना मुलांनी शेजारच्या रांगेतल्यांना चिडवणं, हात हलवून दाखवणं, हे मात्र तिथल्या तिथे थांबवा.

रात्री निघून सकाळी पोचायचं आणि रात्री परत. जमतं का?

बेळगावहून खोपोली सुमारे ४२० किलोमीटर, निपाणीहून ७०-७५ ने कमी. रस्ता चांगला असला तरी रुंदीकरणाच्या कामांमुळे मध्येच गाड्या खोळंबतात, तेव्हा आठ तास धरा. रात्रभर बसून आलेली मुलं तिसऱ्या राइडला उलट्या करतात, हा एक भाग. त्याहून महत्त्वाचा दुसरा: तोच चालक रात्री परत चालवणार असेल तर कृपा करून जाऊ नका. आदल्या संध्याकाळी पुणे, लोणावळा किंवा खोपोलीत मुक्काम करा. मुक्कामाचे पैसे कमी पडत असतील तर पास सोडा, मुक्काम सोडू नका.

बंगळूर सुमारे ५०० किलोमीटर, तिथे रेल्वेच बरी. रात्रीची बेळगाव–बंगळूर सुपरफास्ट किंवा राणी चन्नम्मा पकडली की सकाळी उतरता. वंदे भारत पहाटे सुटून दुपारी पोचते, म्हणजे पार्क दुसऱ्या दिवशी. स्टेशनला नाव आपल्याच संगोळ्ळीच्या रायण्णाचं. तिथूनच मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने चल्लघट्टपर्यंत जायचं, पुढे बिडदीकडे बस किंवा टॅक्सी. रेल्वेला उशीर झाला आणि ११ नंतर आत गेलात तर पहिली ९० मिनिटं हातची गेली. त्या एका परिस्थितीत मधल्या वारीही फास्टट्रॅकचा विचार करायला हरकत नाही.

आजी-आजोबांनाही नेतोय. त्यांचा पास?

नको. त्यांना साधं तिकीट, ज्येष्ठांची सवलत असेल तर ती मागून घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. आत शिरताच चाकाची खुर्ची कुठे मिळते ते विचारा. सावलीतलं एक बाकडं ठरवून पिशव्या तिथे ठेवा, दर दोन तासांनी कुणीतरी येऊन त्यांच्यासोबत बसा, आणि थिएटरच्या राइड व मिरवणूक त्यांच्यासाठी राखून ठेवा. रांगेत जास्त वेळ उभं राहवत नसेल तर कर्मचाऱ्याला तसं स्पष्ट सांगा. गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला बाजूच्या वाटेने सोडायला बहुतेक वेळा पास लागत नाही.